प्रभाव जनुकाचा की पातळीचा? सातपुड्यातील सिकलसेल आणि आनुवंशिकतेविषयीची एक रूढ समजूत

आनुवंशिकतेविषयी शालेय पाठ्यपुस्तकांतून जे काही आयुष्यभर लक्षात राहते त्यात ‘प्रभावी’ आणि ‘अप्रभावी’ ही जोडी अग्रभागी असते, आणि आनुवंशिकतेविषयीच्या बहुतेक गैरसमजुतींचे मूळही याच जोडीत सापडते. प्रभावी गुण म्हणजे बलवान आणि अप्रभावी म्हणजे दुबळा. प्रभावी तो समाजात पसरत जाणार आणि अप्रभावी हळूहळू विरून जाणार. अप्रभावी जनुक एकटेच असेल तर ते असून नसल्यासारखे, असे तिचे अर्थ सर्रास लावले जातात. हे तिन्ही अर्थ चुकीचे आहेत आणि ते का चुकीचे आहेत हे पाहण्यासाठी खानदेशाबाहेर जाण्याची गरज नाही. दीपनगर-भुसावळच्या वीज आणि रेल्वेच्या पट्ट्यातून तापी ओलांडून उत्तरेकडे निघाले की यावल, रावेर, चोपडा, शिरपूर आणि पश्चिमेला शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव अशी सातपुड्याची जी रांग लागते, तिच्या कुशीतल्या वस्त्यांमध्ये सिकलसेल या रक्तविकाराला कारण होणारे जनुक पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले आहे. या एका जनुकाचे वर्तन बारकाईने तपासले तर असे लक्षात येते की प्रभाव ही जनुकाच्या अंगची शक्ती नसून तो दोन पर्यायांमधला संबंध आहे, आणि तो संबंध शरीराच्या कोणत्या पातळीवर पाहिला यावर उत्तर बदलत जाते. हा मुद्दा केवळ व्याख्येपुरता नाही. वाहक कोणाला म्हणायचे, त्याला काय सांगायचे आणि आजारी मूल जन्मले तर दोष कोणाच्या माथी मारला जातो, या सगळ्यांशी त्याचा थेट संबंध आहे.

प्रथम काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. शरीरातील एखादे प्रथिन कसे घडवायचे याची सूचना डीएनएच्या ज्या तुकड्यात असते त्याला जनुक म्हणतात. एकाच जनुकाची जी थोडीफार वेगळी रूपे लोकसंख्येत आढळतात, त्यांतील प्रत्येक रूपाला अॅलील म्हणतात. बहुतेक जनुकांच्या प्रत्येकी दोन प्रती माणसाजवळ असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून आलेली. दोन्ही प्रती सारख्या असतील तर ती व्यक्ती त्या जनुकापुरती समयुग्मी, आणि वेगळ्या असतील तर विषमयुग्मी ठरते. विषमयुग्मी व्यक्तीत ज्या अॅलीलचा परिणाम दिसतो त्याला प्रभावी आणि ज्याचा दिसत नाही त्याला अप्रभावी म्हणण्याचा प्रघात आहे. या व्याख्येतील ‘दिसतो’ हे क्रियापद निरुपद्रवी वाटते, परंतु सगळी गुंतागुंत त्यातच दडलेली आहे, कारण काय दिसते हे कशाने आणि कुठे पाहिले यावर अवलंबून असते.

खुद्द मेंडेलचा वाटाणा याची साक्ष देतो. ब्रनो येथील मठात केलेल्या आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ग्रेगोर मेंडेलने गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या झाडांचा संकर केला. पहिल्या पिढीत सर्व बिया गोल आल्या आणि दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेल्या, म्हणजे जवळजवळ तीनास एक या प्रमाणात आल्या. गोलपणा प्रभावी ठरला तो असा. मात्र सुरकुतलेल्या बीत नेमके काय बिघडलेले असते हे १९९० मध्ये उलगडले. स्टार्चच्या रेणूला फांद्या फोडणारे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, तयार करणाऱ्या जनुकात डीएनएचा एक परका तुकडा घुसल्यामुळे ते जनुक निकामी झालेले असते. परिणामी स्टार्च कमी बनतो, साखर आणि पाणी अधिक साठते आणि बी वाळताना तिच्यावर सुरकुत्या पडतात. ज्या वाटाण्यात एक प्रत चालू आणि एक निकामी असते, त्यात एकाच प्रतीपासून मिळणारे विकर बी गोल राहण्यास पुरेसे ठरते. म्हणजे गोलपणाच्या अॅलीलने दुसऱ्याला दाबून टाकलेले नसते, अर्ध्या मालात काम भागलेले असते इतकेच. त्याच संकरित बीतील स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ते गोल बीच्या आणि सुरकुतलेल्या बीच्या कणांच्या मधल्या स्वरूपाचे दिसतात. डोळ्यांना जो अॅलील पूर्ण प्रभावी वाटतो तोच भिंगाखाली अर्धवट प्रभावी ठरतो, आणि दोन्ही निरीक्षणे आपापल्या जागी खरी असतात.

लपलेला अॅलील नष्ट होत नाही, तो पुढच्या पिढीत पुन्हा वर येतो, हे मेंडेलचे दुसरे सांगणे खानदेशातील कापूस उत्पादकाला पुस्तकाविनाही ठाऊक असते. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून सी. टी. पटेल यांनी संकरित-४ हे कपाशीचे पहिले व्यापारी संकरित वाण दिल्यापासून संकरित बियाणे या भागात रुळत गेले, आणि त्याबरोबरच घरची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तर शेत एकसारखे येत नाही हा अनुभवही रुळला. कुठे झाड बुटके, कुठे बोंड लहान, कुठे फूट कमी, असा जो विस्कळीतपणा दुसऱ्या पिढीत दिसतो, तो बियाण्याचा कस उतरल्यामुळे नसतो. पहिल्या पिढीत झाकले गेलेले अॅलील नव्या जोड्यांत एकत्र येऊन प्रकट झाल्यामुळे तो दिसतो. याच भागातील केळी मात्र बियांवर वाढत नाही, कंदापासून किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासून तीच जनुकीय घडण जशीच्या तशी पुढे जाते, म्हणून केळीच्या बागेत हे नाट्य घडत नाही. माणसाची संतती या दृष्टीने केळीसारखी नसून कपाशीच्या दुसऱ्या पिढीसारखी असते, आणि सिकलसेलचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

सिकलसेलचे, म्हणजे पाठ्यपुस्तकातील दात्र-पेशी पांडुरोगाचे मूळ रक्तातील हिमोग्लोबिन या प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनात आहे. हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते आणि त्यातील एकाच अक्षराच्या बदलामुळे साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन हे अमिनो आम्ल येते. नेहमीच्या अॅलीलला ‘ए’ आणि बदललेल्याला ‘एस’ म्हटले, तर एए ही सामान्य, एएस ही वाहक आणि एसएस ही रोगग्रस्त व्यक्ती होय. एसएस व्यक्तीच्या रक्तात प्राणवायू कमी होताच एस हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. त्यामुळे रक्तक्षय, कावीळ, लहान मुलांत हातापायांना सूज आणि हाडे-सांध्यांत असह्य कळा अशी लक्षणे उद्भवतात. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी अशा पेशींची पहिली वैद्यकीय नोंद केली, १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा रेणूच्या पातळीवरचा आजार असल्याचे दाखवले आणि १९५० च्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी त्या एका अमिनो आम्लाचा फरक शोधून काढला. भारतात या अॅलीलचा शोध १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये लागला. महाराष्ट्रात डॉ. सुदाम काटे यांच्या पाहण्यांतून भिल्ल, पावरा, माडिया, परधान आदी समाजांत वाहकांचे प्रमाण वीस ते पस्तीस टक्क्यांपर्यंत असल्याचे पुढे आले. विदर्भात तर हा अॅलील आदिवासींच्या पलीकडे अनुसूचित जाती आणि इतर समाजांतही आढळतो.

आता प्रश्न असा की एस अॅलील प्रभावी आहे की अप्रभावी? याचे उत्तर तपासणीच्या टेबलावर पाहता येते. आरोग्य उपकेंद्रात पहिली चाचणी होते ती सोल्युबिलिटीची: बोटातून काढलेल्या रक्ताचा थेंब एका रासायनिक द्रावणात मिसळतात, त्या द्रावणात पेशी फुटतात आणि प्राणवायू काढून घेतला जातो, आणि काही मिनिटांनी काचनळीमागे काळ्या रेघांचा कागद धरून पाहतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर एस नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर एस आहे. परंतु ही नळी एएस व्यक्तीच्या रक्तानेही गढूळ होते आणि एसएस व्यक्तीच्या रक्तानेही. म्हणजे या चाचणीपुरता एस प्रभावी ठरतो. पुढची चाचणी इलेक्ट्रोफोरेसिसची: विद्युत्‌प्रवाहाच्या ओढीने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळ्या अंतरांवर सरकतात. एए व्यक्तीच्या रक्ताचा मुख्य पट्टा ए च्या जागी, एसएस व्यक्तीचा एस च्या जागी आणि वाहकाचे दोन्ही जागी दोन पट्टे उमटतात, कारण वाहकाच्या शरीरात दोन्ही प्रती आपापले प्रथिन बनवत असतात; या पातळीवर ए आणि एस सहप्रभावी आहेत, कोणीही कोणाला झाकत नाही. वाहकाला मात्र सहसा कसलाच त्रास नसतो, अतिश्रम किंवा तीव्र निर्जलीकरण अशा टोकाच्या परिस्थितीतच क्वचित गुंतागुंत होते. म्हणून रोगाच्या पातळीवर एस अप्रभावी आहे. एकच व्यक्ती, तिच्या रक्ताचा एकच थेंब, आणि एकाच अॅलीलविषयी तीन निरनिराळी उत्तरे, तिन्ही बरोबर.

शास्त्रज्ञही या गोंधळात सापडले होते. १९२३ मध्ये काचपट्टीवरील पेशी वाकतात की नाही एवढेच पाहून हा गुण प्रभावी असल्याचा निष्कर्ष काढला गेला. १९४९ मध्ये जेम्स नील यांनी रुग्णांच्या आईवडिलांचे रक्त तपासले, तेव्हा ते दोघेही वाहक असल्याचे आढळले आणि पेशी वाकण्याचा गुण व आजार या दोन वेगळ्या पातळ्या असल्याचे स्पष्ट झाले. यात चौथ्या पातळीची भर घालतो तो हिवताप. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले की एएस व्यक्तींना फॅल्सिपेरम हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून मोठे संरक्षण मिळते. लागण टळत नाही, पण जीव वाचण्याची शक्यता वाढते. हिवताप असलेल्या जंगलात एए बालक हिवतापाने दगावण्याचा धोका अधिक, एसएस बालक सिकलसेलने दगावण्याचा धोका अधिक, आणि एएस बालक दोघांहून सुरक्षित. विषमयुग्मी व्यक्ती दोन्ही समयुग्मींपेक्षा सरस ठरते अशा स्थितीत ज्याला आजार म्हणून हाकलून द्यावे असा अॅलीलही निसर्गनिवडीने टिकून राहतो. सातपुड्यातील त्याचे प्रमाण हे कोणत्याही समाजाच्या ‘रक्तातील दोषा’चे चिन्ह नाही, हिवतापाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या तग धरून राहिल्याचा तो जैविक हिशेब आहे.

प्रभावी म्हणजे पसरणारा, हा दुसरा समज गणिताने कधीच निकालात काढला आहे. १९०८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये असा आक्षेप घेतला गेला की आखूड बोटांचा गुण प्रभावी असेल तर कालांतराने तीन-चतुर्थांश लोकांची बोटे आखूड व्हायला हवीत. पुढे रामानुजन यांना केंब्रिजला बोलावून घेणारे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी थोड्याच ओळींत उत्तर दिले: निवड, स्थलांतर किंवा उत्परिवर्तन नसेल तर अॅलीलांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहते, ते प्रभावी असोत की अप्रभावी. जर्मनीत विल्हेल्म वाइनबर्ग यांनीही त्याच वर्षी तोच निष्कर्ष मांडला. भारतात सुमारे एक-तृतीयांश लोक ज्या ओ रक्तगटाचे आहेत, तो रक्तगट अप्रभावी अॅलीलच्या दोन प्रतींमुळे येतो, तर ए आणि बी हे दोन्ही ओ वर प्रभावी आणि परस्परांशी सहप्रभावी असून त्यांच्या जोडीचा एबी गट सर्वांत कमी आढळतो. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला बॉम्बे रक्तगट आणखी पुढचा धडा देतो: दुसऱ्याच एका जनुकाच्या दोन अप्रभावी प्रती एकत्र आल्या की ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच हा घटकच तयार होत नाही, आणि प्रभावी अॅलील हजर असूनही निष्प्रभ ठरतात.

आता हिशेब सातपुड्याला लावून पाहता येतो. एखाद्या समाजात वाहकांचे प्रमाण वीस टक्के मानले आणि विवाह तपासणीविना जुळतात असे गृहीत धरले, तर दर शंभर जोडप्यांपैकी साधारण चार जोडप्यांत दोघेही वाहक असतात. त्यांच्या प्रत्येक गर्भधारणेत मूल एसएस असण्याची शक्यता एक-चतुर्थांश, एएस असण्याची निम्मी आणि एए असण्याची एक-चतुर्थांश. एकूण जन्मांचा विचार केला तर साधारणतः शंभरात एक मूल एसएस जन्मते. या ‘एक-चतुर्थांशा’चा अर्थ चार मुलांत एक असा ठोक पद्धतीने घेतला जातो, त्यामुळे पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन निर्धास्त, किंवा तीन निरोगी झाली म्हणजे चौथ्यावर संकट, असे तर्क मांडले जातात. वस्तुतः प्रत्येक गर्भधारणा मागच्या गर्भधारणेची आठवण न ठेवता घडते आणि प्रत्येक वेळी शक्यता तीच असते. दुसरे असे की एसएस मुलाला एक एस आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला असतो. तेव्हा मूल सतत आजारी पडते म्हणून सुनेच्या माहेरच्या रक्ताला नावे ठेवणे ही क्रूरता तर आहेच, शिवाय ते विज्ञानाच्या दृष्टीने निव्वळ खोटे आहे.

राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. सतरा राज्यांतील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही तिची उद्दिष्टे आहेत. निर्मूलन कशाचे, याचा विचार येथे करणे आवश्यक ठरते. वर घेतलेल्या प्रमाणानुसार एस अॅलीलचे समाजातील प्रमाण सुमारे अकरा टक्के येते, आणि समाजातील एकूण एस अॅलीलांपैकी नऊपैकी आठ वाहकांच्या शरीरात असतात, रुग्णांच्या नव्हे. वाहकाला हिवतापापासूनचा फायदा उरला नाही आणि एकाही रुग्णाला संतती झाली नाही, असे मानले तरी हा अॅलील निम्मा होण्यास सुमारे नऊ पिढ्या, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे लागतील. याउलट दोन वाहकांचे विवाह टाळले गेले तर एसएस मुलांचे जन्म झपाट्याने कमी होतील, पण अॅलील मात्र समाजात तसाच राहील, कारण त्याला छाटणारी रोगाची कात्रीच थांबलेली असेल. म्हणून मोहिमेचे प्रामाणिक उद्दिष्ट वेदनेचे आणि टाळता येण्याजोग्या आजारी जन्मांचे निर्मूलन एवढेच असू शकते. अॅलीलचे निर्मूलन हा शब्दप्रयोग ऐकणाऱ्या वाहकाला आपणच काढून टाकण्याची वस्तू आहोत असे वाटले तर त्यात नवल नाही.

यावर असा प्रतिवाद संभवतो की गावपातळीवर काम करणाऱ्या आशा कार्यकर्तीला सहप्रभाव, निवड, पातळ्या यांचे पांडित्य काय कामाचे. ‘हा अप्रभावी आजार आहे, दोन वाहकांनी लग्न करू नये’ एवढे सोपे वाक्य पुरेसे आहे. या युक्तिवादात तथ्य आहे, सोपेपणाशिवाय आरोग्यशिक्षण होत नाही. परंतु सोपे वाक्य चुकीच्या समजुतीवर उभे असेल तर ते कसे उलटते याचे दाखले उपलब्ध आहेत. ग्रीसमधील ओर्खोमेनोस या गावी सर्व रहिवाशांची तपासणी करून वाहकांना वाहकांशी विवाह टाळण्याचा सल्ला दिला गेला. काही वर्षांनी पाहणी झाली तेव्हा वाहकांना कलंक चिकटल्याचे, अनेकांनी आपली स्थिती लपवल्याचे आणि वाहक-वाहक विवाह अपेक्षेप्रमाणे घटले नसल्याचे आढळले. अमेरिकेत १९७० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या घाईघाईच्या तपासण्यांत वाहक आणि रुग्ण यांतला फरक पुसला गेला, आणि नोकरी, विमा व सैन्यदल यांत निरोगी वाहकांना नाकारले गेले. दोन्हीकडे चूक एकच होती: ‘वाहक’ ही व्यक्तीच्या जनुकीय घडणीविषयीची माहिती असताना ती रोगाची पहिली पायरी म्हणून वाचली गेली.

याच्या दुसऱ्या टोकाला रोगग्रस्तांविषयीचा निराशावाद आहे. एसएस म्हणजे ठरलेले भवितव्य नव्हे, कारण एका जनुकाचा परिणाम इतर जनुकांच्या आणि परिस्थितीच्या संगतीत घडतो. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळी नसते, म्हणून एसएस बालक जन्मतः धडधाकट दिसते आणि पहिल्या काही महिन्यांनंतर लक्षणे डोके वर काढतात. भारतातील एस अॅलील अरब-भारतीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्या जनुकीय पार्श्वभूमीवर आढळतो, तिच्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुढेही अधिक प्रमाणात बनत राहते आणि त्यामुळे आजार अनेकदा सौम्य होतो. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध हेच हिमोग्लोबिन वाढवते आणि २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुक-संपादनाचा उपचारही त्याच मार्गाने जातो. उलट थंडी, ताप, पाण्याची कमतरता आणि अंग मोडून टाकणारे श्रम यांमुळे पेशी वाकण्याचे प्रमाण वाढते. नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरातून दरवर्षी ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबातील एसएस तरुण आणि दीपनगरच्या वसाहतीत दवाखान्याजवळ वाढणारा एसएस तरुण यांचा जनुकीय संच सारखा असला तरी त्यांचा आजार सारखा असणार नाही. जनुकाचा ‘प्रभाव’ असा अंशतः मजुरी, पाणी आणि रस्ता यांच्या हातीही असतो.

या सर्वांचा निष्कर्ष धोरणाच्या भाषेत मांडायचा तर राज्यात वाहकाला पिवळे आणि रुग्णाला लाल कार्ड देण्याची जी पद्धत आहे, तिच्यासोबत कार्डामागचा अर्थही दिला गेला पाहिजे. पिवळ्या कार्डावर स्पष्ट शब्दांत लिहिता येईल की या व्यक्तीला सिकलसेल आजार नाही व होणार नाही. तिच्याकडे असलेली प्रत गंभीर हिवतापापासून रक्षण करणारी आहे. जोडीदाराची तपासणी झाल्यावर निर्णय दोघांनी घ्यायचा आहे, विवाह टाळण्यापासून गर्भावस्थेतील निदानापर्यंत पर्याय खुले आहेत. आणि मूल आजारी झाले तर त्यात आई आणि वडील यांचा वाटा समसमान आहे. पाठ्यपुस्तकांनीही जीभ वळवता येणे किंवा न येणे यांसारखी उदाहरणे प्रभावी-अप्रभावीचे नमुने म्हणून देणे सोडून द्यावे, कारण एकसारख्या जुळ्यांमध्येही या गुणात फरक आढळतो हे १९५२ मध्येच दाखवले गेले होते. त्याजागी सिकलसेल हेच उदाहरण सर्व पातळ्यांसह शिकवले, तर शिरपूर-चोपड्याच्या आश्रमशाळेतील विद्यार्थ्याला मेंडेलचा नियम आणि स्वतःच्या घरातील आजार एकाच भाषेत समजेल. ‘प्रभावी’ या विशेषणाआधी ‘कोणत्या पातळीवर’ हा प्रश्न विचारण्याची सवय जडली, तर वाहकाला रोगी मानण्याची आणि आईला दोषी मानण्याची, अशा दोन्ही चुका टाळण्याचा पाया आपोआप घातला जाईल.